आउटलँडर पीएचईव्ही: बिघाड कुठला, स्वभाव कुठला

जुनी प्लग-इन हायब्रिड घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या ग्राहकांसाठी आमच्या गॅरेजचं माहितीपत्रक

मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्ही, म्हणजे प्लगला लावून चार्ज होणारी आणि पेट्रोलवरही चालणारी प्लग-इन हायब्रिड, ब्रिटनमध्ये २०१४ साली आली. सरकारी अनुदान, शून्य रोड टॅक्स, लंडनच्या कंजेशन चार्जमधून (मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याच्या शुल्कातून) सूट, कंपनीची गाडी म्हणून घेतली तर नाममात्र कर. एवढ्या सवलती एका मोठ्या एसयूव्हीवर एकदम मिळाल्यावर ती हातोहात खपली यात नवल नाही. त्याच गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे स्वस्तात जाताहेत आणि लंडनच्या आसपासची बरीच मराठी कुटुंबं त्या घेताहेत. गाडीबरोबर आमच्याकडे तक्रारींची यादीही येते. यादीतल्या निम्म्याहून जास्त गोष्टी दुरुस्त करता येत नाहीत, कारण त्या बिघडलेल्याच नसतात. ते तपासून सांगायचेही पैसे होतात. ते वाचावेत म्हणून हे पत्रक.

१४८ मैल गेले कुठे?

सगळ्यात मोठी तक्रार हीच. कागदावर गॅलनला १४८ मैल, हातात ३५. कुणी फसवलं का? आकडा खोटा नाही, पण तो ज्या हिशोबातून आला तो तुमच्या रोजच्या प्रवासाशी जुळत नाही. त्या वेळच्या युरोपीय चाचणीत गाडी पूर्ण चार्ज करून बॅटरीवर ५२ किलोमीटर चालते असं निघालं. त्यापुढे नियमाने गृहीत धरलं होतं की बॅटरी संपल्यावर माणूस फक्त २५ किलोमीटर पेट्रोलवर जाईल आणि पुन्हा चार्जला लावेल. म्हणजे ७७ किलोमीटरचा प्रवास आणि पेट्रोल फक्त २५ चं. भागाकार केला की १४८ येतात. तुम्ही हाउन्सलोहून लेस्टरला जाऊन आलात, तर दोनशे मैलांतले जेमतेम वीस-बावीस बॅटरीवर होतात. बाकी सगळा वेळ तुम्ही एक जड पेट्रोल गाडी चालवत असता.

बॅटरी १२ युनिटची असली तरी सगळी वापरता येत नाही. काट्यावर शून्य दिसतं तेव्हा आत साधारण ३० टक्के शिल्लक ठेवलेली असते, बॅटरी टिकावी म्हणून. उन्हाळ्यात २५ मैल मिळाले तर उत्तम समजा. जानेवारीत १५ ते १८ मिळाले तरी गाडीत दोष नाही.

चार्ज कुठे करावं याचं एक सोपं गणित आम्ही काउंटरवरच करून दाखवतो. पूर्ण चार्जला भिंतीतून साधारण १० युनिट जातात आणि त्यावर सुमारे २२ मैल होतात. पेट्रोल लिटरला १ पौंड ४० पेन्स धरलं, तर तेच २२ मैल पेट्रोलवर जवळपास ४ पौंडांत होतात. त्यामुळे युनिटचा दर ४० पेन्सच्या वर गेला की वीज पेट्रोलपेक्षा महाग पडते. घरचा दर २५ पेन्स असेल तर फायदा आहे, रात्रीचा ८ पेन्सचा दर असेल तर चैनच. रस्त्याकडेच्या वेगवान चार्जरवर युनिटला ७५ पेन्स मोजून ही गाडी चार्ज करणं म्हणजे पर्यावरणाला देणगी देणं. मोटरवेवरचे चार्जर २०१६ च्या उन्हाळ्यापर्यंत फुकट होते, तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

म्हणून स्पष्ट सांगतो: स्वतःचा ड्राइव्हवे नसेल आणि फ्लॅटखाली चार्जिंगची सोय नसेल, तर ही गाडी घेऊ नका. तेवढ्याच पैशांत प्लगला लावावी न लागणारी साधी हायब्रिड पाहा. आमचं एक गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

इंजिन मधेच का सुरू होतं?

‘बॅटरी फुल्ल आहे, तरी घरासमोरच इंजिन धडधडतं.’ थंडीत हा फोन रोज येतो. बहुतेक वेळा कारण हीटर असतं. काही मॉडेलांत इलेक्ट्रिक हीटर नाहीच, तिथे गरम हवा मागितली की इंजिनाला उठावंच लागतं. ज्यांत आहे, त्यांतही कडाक्याच्या थंडीत इंजिन मदतीला येतं. हीटर बंद ठेवून सीटची गरमी वापरा, तिला फार कमी वीज लागते. गाडी प्लगला असतानाच आतून तापवून घेतली तर आणखी चांगलं.

अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला, ताशी ७५ मैलांच्या आसपास गेलात किंवा बॅटरी राखीव पातळीला आली, तरी इंजिन येणारच. पुढच्या मॉडेलांत ‘ईव्ही’ बटण आलं, त्याने हे कमी होतं, बंद होत नाही. आणखी एक गंमत म्हणजे सुमारे तीन महिने नवं पेट्रोल भरलं नाही, तर गाडी आपणहून इंजिन चालवते. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊ नये आणि इंजिन आतून कोरडं पडू नये यासाठी ती सोय आहे. पेट्रोल भरा, इंजिन गप्प बसेल. त्यासाठी आमच्याकडे येऊ नका.

मोबाइल अ‍ॅप घरात बसून चालत नाही, हीही तक्रार नेहमीची. ते इंटरनेटवरून चालतच नाही. गाडीचं स्वतःचं वाय-फाय आहे आणि फोन त्याच्या टप्प्यात असावा लागतो. जून २०१६ मध्ये पेन टेस्ट पार्टनर्स या ब्रिटिश कंपनीने याच वाय-फायमधून गाडीचा अलार्म बंद करता येतो हे दाखवून दिलं होतं. अ‍ॅप वापरत नसाल तर ते वाय-फाय बंदच करून घ्या. वापरत असाल तर गाडीचं सॉफ्टवेअर त्यानंतरचं आहे का, ते आम्ही पाहून देतो.

प्लगचा घोळ

गाडीला टाइप १ प्रकारचं सॉकेट आहे आणि सार्वजनिक चार्जिंगच्या खांबांवर टाइप २. मधली केबल गाडीबरोबर मिळाली का, हे विकत घेतानाच पाहा. वेगवान चार्जिंग चाडेमो नावाच्या प्लगवर होतं, पण नव्या ठिकाणी चाडेमो कमी आणि सीसीएस हा दुसरा प्रकारच जास्त दिसतो. वरचं गणित लक्षात घेता याचं फारसं वाईट वाटून घेऊ नका. घरच्या तीन-पिनी सॉकेटवर पाच-एक तास लागतात. त्यासाठी एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका, आणि प्लग हाताला गरम लागत असेल तर सॉकेट इलेक्ट्रिशियनला दाखवा.

खरे बिघाड

आता ज्यासाठी यायलाच हवं ते. बॅटरीची उरलेली ताकद अँपिअर-अवरमध्ये मोजता येते. १२ युनिटच्या बॅटरीत नवी असताना हा आकडा ३८ च्या आसपास असतो. तिशीच्या खाली गेलेल्या गाड्या आम्ही नेहमी पाहतो, आणि किंमत ठरवताना मैलांच्या आकड्यापेक्षा या आकड्यावर घासाघीस करावी असं आमचं मत आहे. विक्रेता मोजू देत नसेल तर तिथून निघा. बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी होती. पहिल्या तुकडीतल्या गाड्यांची ती संपली आहे.

दुसरं ब्रेक. मोटरच गाडीचा वेग उतरवते, त्यामुळे डिस्कला काम कमी पडतं आणि इथल्या ओलसर हवेत तिला गंज चढतो, कॅलिपर (डिस्कला आवळणारा भाग) अडकतात. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, दोन-चारदा ब्रेक जरा ठासून लावा. ‘चार्जिंग सिस्टिम सर्व्हिस’ची सूचना लागून राहिली तर मात्र वाट पाहू नका. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलींना घरी कुणी हात लावू नये. तिथे ३०० व्होल्ट खेळतात.

मित्सुबिशीने ब्रिटनमधली नव्या गाड्यांची विक्री २०२१ मध्ये थांबवली, तरी सुटे भाग मिळतात. काहींना वेळ लागतो एवढंच.

कर आणि जागा

एप्रिल २०१७ च्या आधी नोंदलेल्या गाडीचा रोड टॅक्स शून्य होता, १ एप्रिल २०२५ पासून तो वर्षाला २० पौंड झाला. कंजेशन चार्जची सूट ऑक्टोबर २०२१ मध्येच गेली. युलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा लंडनमधला आकार) मात्र लागत नाही. आणि हो, मागची मोटर आहे तिथे तिसरी रांग बसत नाही. डिझेल आउटलँडरला सात सीट होत्या, हिला पाचच. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर आधीच विचार करा.

डिसेंबरात भारतात जाताना

तीन-चार आठवडे गाडी उभी राहिली की मोठी बॅटरी शाबूत राहते आणि छोटी १२ व्होल्टची बसते. ती बसली की गाडी ‘रेडी’ (चालायला तयार) होत नाही, मग मोठ्या बॅटरीत कितीही वीज असो. निघण्याआधी १२ व्होल्टच्या बॅटरीला छोटा मेंटेनन्स चार्जर लावा. मोठी बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, निम्मी पुरे. हीटरचा टायमर लावलेला असेल तर काढून टाका. गाडी हीथ्रोच्या लाँग-स्टे पार्किंगमध्ये ठेवणार असाल तर १२ व्होल्टची बॅटरी आधी आमच्याकडून तपासून घ्या. नोव्हेंबर संपेपर्यंत कधीही आणा, चहा पिऊन होईपर्यंत काम होतं. येताना दोन्ही चाव्या आणि चार्जिंगची केबल सोबत असू द्या.