मोदक खाल्ल्यानंतरची वीस मिनिटं

ताईनं मोदक फोडला, वर तुपाची धार घेतली आणि चावून चावून, सावकाश संपवला. एकच. मावशीच्या हातचे उकडीचे मोदक, म्हणजे पारी एवढी पातळ की आतला गूळ बाहेरून दिसतो. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला सात महिने झाले होते, वजन २८ किलोंनी उतरलं होतं आणि गणपती काही रोज येत नाहीत. नाही कोण म्हणणार?

वीसेक मिनिटांनी ती पानावरून उठली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, छातीत धडधड. "मला जरा आडवं होऊ दे," एवढंच म्हणाली. मावशीनं मीठ-मोहऱ्या शोधायला घेतल्या, काकांनी गाडीची किल्ली. माझी ही मावसबहीण नऊ वर्षं मधुमेही, त्यामुळे काकांची घाई समजण्यासारखी होती. अर्ध्या-पाऊण तासात मात्र ती उठून बसली आणि म्हणाली, "डाएटीशियननं सांगितलं होतं. मीच विसरले."

जे झालं त्याला डम्पिंग म्हणतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खडी ओततात ना, तसं. आपल्या जठराच्या तळाशी एक गोल स्नायू असतो. खाल्लेलं अन्न घुसळून पातळ झालं की तो ते थोडं थोडं पुढे सोडतो. ताईचं ऑपरेशन होतं गॅस्ट्रिक बायपासचं, आणि त्यात हा दारवानच वाटेतून बाजूला होतो. सर्जन जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं कापून, वर आणून तिला जोडतात. बाकीचं जठर आणि ग्रहणी, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, पोटातच असतात, पाचकरसही बनवतात, पण अन्न त्यांच्या दारावरून जात नाही. मग गूळ-खोबऱ्याचं सारण पिशवीतून थेट आतड्यात उतरतं. एवढी साखर एकदम आली की आतडं ती पातळ करायला रक्तातलं पाणी ओढून घेतं, आतड्यातून संप्रेरकं सुटतात, आणि पोट तडतडणं, धडधड, घाम हे सगळं १० ते ३० मिनिटांत हजर होतं.

गंमत पुढे आहे. दीड-दोन तासांनी तिचे हात थरथरायला लागले आणि कडकडून भूक लागली. साखर इतक्या वेगानं रक्तात गेली होती की शरीरानं घाबरून गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडलं, आणि आता साखर खाली आली होती. मावशीनं लगेच ग्लुकोजचं पाणी दिलं. त्या क्षणी ते योग्यच होतं, साखर पडलेली असताना दुसरं काय देणार? पण नुसतं गोड देऊन थांबलं तर तोच खेळ पुन्हा सुरू होतो. म्हणून साखर सावरल्यावर तिनं पनीरचे दोन तुकडे खाल्ले. डम्पिंग बायपासनंतर जास्त दिसतं. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात त्या स्लीव्हच्या ऑपरेशनात तळाचा स्नायू शाबूत राहतो, तरी थोडाफार त्रास तिथेही होऊ शकतो.

घरातल्या बहुतेकांची समजूत अशी की पोट लहान केलं, त्यामुळे कमी खाल्लं जातं, म्हणून वजन उतरतं. सुरुवातीला डॉक्टरांचीही साधारण हीच होती. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी १९६६ मध्ये वजनासाठी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला, तो एका साध्या निरीक्षणावरून. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढावा लागे, ते पेशंट बारीक होत आणि पुन्हा वजन वाढवणं त्यांना जड जाई. पण नुसती जागा कमी होणं हे कारण असतं, तर कडक डाएटनंही तेवढाच फरक पडायला हवा. तसं होत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतरही त्यांची भुकेची संप्रेरकं चढलेलीच होती. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. मनाचा निग्रह सोमवारी असतो. संप्रेरकं आठवडाभर असतात.

ऑपरेशन या निरोपांमध्येच हात घालतं. भूक जागी करणारं घ्रेलिन जपानी संशोधक कोजिमा आणि कांगावा यांनी १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यत्वे जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. बायपासमध्ये अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचतं, तिथून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही 'पुरे झालं' सांगणारी संप्रेरकं भरभरून सुटतात. सध्या गाजणारी वजनाची इंजेक्शनं याच जीएलपी-१ची नक्कल करतात. पहिल्या काही महिन्यांत ताई म्हणायची, "भूक नाही रे लागत, घड्याळ लावून जेवते." जन्मभर भुकेशी भांडलेल्या बाईच्या तोंडी हे वाक्य विचित्र वाटायचं.

मधुमेहाचं तर त्याहून नवल. उत्तर कॅरोलिनातले सर्जन वॉल्टर पोरिस यांनी १९९५ मध्ये आपल्या बायपास केलेल्या पेशंटचा चौदा वर्षांचा हिशेब मांडला. मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची साखर नॉर्मल झाली होती, आणि अनेकदा ती वजन उतरायच्या आधी, काही दिवसांतच खाली येई. ऐकायला छान वाटतं, पण घरी आल्यावर याचा अर्थ असा होतो की कालपर्यंत बरोबर असलेला इन्शुलिनचा डोस आज धोकादायक ठरतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तेच. 'नेहमीची औषधं चालू ठेवा' हा घरगुती शहाणपणा इथे अंगाशी येतो; पहिल्या आठवड्यांत साखर आणि बीपी मोजून डोस उतरवत न्यावे लागतात. आणि मधुमेह गेला म्हणजे कायमचा गेला, असंही नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही त्यातून बाहेर होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. त्या काळची ऑपरेशनं बहुतांशी वेगळी होती हे खरं, तरी एचबीए१सीची, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी सोडू नये एवढं त्यातून नक्की कळतं.

आता वाटीकडे येऊ. ताईची एक स्टीलची वाटी आहे, बारशाच्या वेळी मुलांना देतात तेवढी. तीच तिचं ताट, वाटी आणि पंगत. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं तिच्या पोटात जायला हवीत, कारण झपाट्यानं वजन उतरताना शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं. वाटीभर घट्ट वरणात सात-आठ. मांसमच्छी न खाणाऱ्या घरात हा हिशेब मांडून बघा. वरणावर भागवायचं तर आठ वाट्या, आणि बसते अर्धी. म्हणून पनीर, घट्ट दही, सोया, मुगाचं धिरडं आणि सुरुवातीला प्रथिनांची पावडर. जेवायचं तेही उलट्या क्रमानं: आधी उसळ किंवा अंडं, मग भाजी, जागा उरलीच तर चतकोर पोळी. आपल्याकडे भात-पोळी हे जेवण आणि बाकी सगळं तोंडी लावणं. हे उलटं करणं कापाकापीपेक्षा अवघड गेलं, असं तीच सांगते. मऊ भात आणि पोळी पिशवीच्या तोंडाशी लगद्यासारखे अडकतात, ते निराळंच.

एकादशीचा तिचा उपास मात्र सुटला तो सुटलाच. साबुदाण्याची खिचडी म्हणजे बहुतांशी स्टार्च, प्रथिनं दाण्याच्या कुटापुरती.

पाणीही जेवताना नाही. घासाबरोबर पाणी घेतलं की इवल्या जागेत अन्नाला जागा उरत नाही, म्हणून जेवणानंतर अर्धा तास थांबायचं आणि मग दिवसभर घोट घोट करून दीड लिटर तरी भरून काढायचं. तांब्या तोंडाला लावून गटागटा पिणं हे सुख गेलं. मे महिन्यात तिला याचंच सगळ्यात वाईट वाटलं, मोदकाचं नाही.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेक लोक इथेच ढिले पडतात. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः ग्रहणीत आणि तिच्या लगतच्या आतड्यात शोषले जातात. बायपासनं नेमकी तीच वाट बंद केलेली असते. बी-१२ अन्नातून सुटं व्हायला जठराचं आम्ल लागतं, आणि शोषलं जायला जठरातच बनणारं एक प्रथिन. दोन्हींचा आता तुटवडा. यकृतात बी-१२चा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो, त्यामुळे कमतरता उशिरा उघडी पडते: पायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा. पण हा हिशेब साठा भरलेल्या माणसाचा. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या, झोपडपट्टीतल्या आणि खेड्यातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा दोन तृतीयांश पुरुषांमध्ये बी-१२ मुळातच कमी निघालं होतं. म्हणजे आपल्याकडचे अनेक जण रिकाम्या कोठीनंच ऑपरेशनला जातात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभराचं प्रकरण आहे, 'कोर्स' नव्हे. त्यातही लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर एकमेकांना अडवतात, मध्ये दोन तास तरी हवेत. आणि आम्ल कमी असताना कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा सायट्रेट बरं शोषलं जातं. ताईच्या मोबाइलवर यासाठी चार गजर आहेत, सकाळचा वाजला की तिचा मुलगा ओरडतो, "आई, लोखंड!"

बी-१ची, म्हणजे थायमिनची गोष्ट याच्या उलट. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. ऑपरेशननंतर सारख्या उलट्या होत असतील तर 'होईल बरं' म्हणत घरी बसू नये. थायमिन संपलं की मेंदूलाच इजा होते: नजर दुहेरी होते, तोल जातो, बोलण्यात गोंधळ येतो. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर हे टळतं.

केसांचंही सांगून टाकतो, कारण बायका सर्वांत जास्त त्यालाच घाबरतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात कंगव्यात केस पुंजक्यांनी येतात. एवढ्या मोठ्या धक्क्यानंतर शरीर बऱ्याच केसांना एकदम विश्रांतीला पाठवतं. बाळंतपणानंतर होतं तसंच. प्रथिनं आणि लोह नीट असेल तर ते परत येतात. झपाट्यानं वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, म्हणून अनेकांना सहा महिने त्यावरचं औषध देतात. आणि एक गोष्ट सुनेला कोणी सांगत नाही: वजन उतरलं की पीसीओएसमुळे, म्हणजे बीजकोशांशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडामुळे, अडलेली पाळी सुरळीत होते आणि वर्षानुवर्षं न राहिलेला गर्भ अनपेक्षितपणे राहू शकतो. डॉक्टर तर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. त्यात बायपासनंतर तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा नसतो, तेव्हा दुसरा उपाय आधीच ठरवलेला बरा.

लोक काय म्हणतात, याची तयारी कोणताही दवाखाना करून घेत नाही. "किती खंगलीस गं, बरी आहेस ना?" हे एका तोंडानं आणि "शॉर्टकट मारला" हे दुसऱ्या. शॉर्टकट म्हणणाऱ्यांनी तिची वाटी आठ दिवस वापरून पाहावी. स्वीडनमधल्या अभ्यासात असंही दिसलं की ऑपरेशननंतर एकट्या माणसांची लग्नं आणि नवी नाती वाढली, तशी आधीच्या जोडप्यांची फारकतही वाढली. माणूस बदलला की घराची घडी हलते. जेवण हाच ज्यांचा विसावा होता, त्यांना तो विसावा दुसरीकडे शोधावा लागतो, आणि काही जण तो बाटलीत शोधतात. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते. अमेरिकेत सुमारे १,९०० जणांच्या पाहणीत दारूचा विकार ऑपरेशनच्या आधीच्या वर्षी ७.६ टक्के होता, पहिल्या वर्षात वाढला नाही, दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाला. म्हणजे सगळे निर्धास्त होतात तेव्हा. उदासी, रडू येणं, जगणं नकोसं वाटणं हेही फॉलोअपमध्ये सांगायचं असतं, वजनकाट्यावरच्या आकड्याइतकंच.

भूक परत येते का? येते, थोडी. वर्ष-दीड वर्षानंतर वजन थांबतं आणि पुढे काही किलो चढतंही. ताईचे चार किलो चढले तेव्हा तिनं आठवडाभर कोणाशी धड बोलणं केलं नाही. ते अपयश नव्हतं, अपेक्षितच होतं. चढाव थांबत नसेल तर बघायचं ते पातळ गोडाकडे. आइस्क्रीम, सरबत, चहात बुडवलेली बिस्किटं छोट्या पिशवीतूनही सहज सरकतात. मटकीची उसळ तशी सरकत नाही.

गेल्या महिन्यात तिची दाढ दुखत होती. दंतवैद्यानं सवयीनं सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी लिहिली, आपण सगळे पाठदुखीला घेतो त्याच जातीची. बायपासच्या जोडाशी या गोळ्या अल्सर करतात; सिगारेटही करते. ताईनं पर्समधून लॅमिनेट केलेलं एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. ऑपरेशनचं नाव, तारीख, टाळायची औषधं, आणि खाली तिच्या अक्षरात: 'अचानक पोटात तीव्र कळ आली तर गॅसेस समजू नका, सर्जनना फोन करा.' आतडी नव्यानं जोडल्यावर राहिलेल्या फटीत कित्येक वर्षांनीही आतडं अडकू शकतं, म्हणून ती ओळ. डॉक्टरांनी कार्ड वाचलं, गोळीवर काट मारली, पॅरासिटामॉल लिहिलं आणि विचारलं, "हे कार्ड कुठून मिळालं?"

"घरीच केलं," ताई म्हणाली. "मोदकाच्या दुसऱ्या दिवशी."