मुंबई अग्निशमन दल

मुंबई अग्निशमन दल : आग विझवणे आणि संकटात सापडलेल्यांची सुटका करणे ही कामे पाहणारे बृहन्मुंबई महानगरपालिकेचे खाते. मुख्यालय भायखळ्याला, दूरध्वनी क्रमांक १०१. सर्वोच्च पद प्रमुख अग्निशमन अधिकाऱ्याचे.

१७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, लागलेल्या आगीने तिथल्या दाट वस्तीचा मोठा भाग जाळून टाकला. त्यानंतरही कित्येक वर्षे शहराची आग विझवण्याचे काम पोलिसांकडेच होते आणि बंब घोडे ओढत. १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाने ते पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारगाड्या आल्या, घोडे गेले. 'बंब' हा शब्द मात्र लोकांच्या तोंडी टिकला. कोकणातल्या न्हाणीघरात पाणी तापवणारा तांब्याचाही बंबच, फक्त त्याच्या पोटात विस्तव असतो.

दलाच्या इतिहासातला सर्वांत काळा दिवस १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. दुपारी आग लक्षात आली. जवान पाण्याचा मारा करत असतानाच चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. ६६ जवान मृत्युमुखी पडले. जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. त्या दूरवर उडाल्या आणि पुढे कित्येक वर्षांनी गोदीतला गाळ काढतानाही सापडत राहिल्या. सोन्याचीच गोष्ट जास्त सांगितली जाते, हे खटकते. देशभरात १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो या जवानांच्या स्मरणार्थ.

आगीच्या खबरेला इथे 'वर्दी' म्हणतात. वर्दी मिळाली की जवळच्या केंद्रातून गाड्या निघतात. आगीचा आवाका पाहून तिला पहिल्यापासून पाचव्यापर्यंत श्रेणी दिली जाते आणि त्याप्रमाणे आणखी बंब, जंबो टँकर, शिड्या मागवल्या जातात. सगळ्या शहरातून कुमक बोलवायची वेळ आली तर 'ब्रिगेड कॉल'. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलची आग अशीच होती. ती पुरती विझायला दोन दिवसांहून अधिक लागले आणि शेजारच्या उंच इमारतीतील सुमारे साडेतीन हजार रहिवाशांना बाहेर काढावे लागले.

मुंबईत पाण्याइतकाच पोहोचण्याचा प्रश्न कठीण. जुन्या गावठाणांत आणि झोपडपट्टीत बंब गल्लीच्या तोंडाशी थांबतो, पुढे होजपाइप खांद्यावर. काळबादेवी, भुलेश्वरकडच्या जुन्या इमारतींचा सांगाडा लाकडी, त्यामुळे आगीत त्या कोसळायची भीती असते. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास अशीच पेटून कोसळली. त्या दुर्घटनेत दलाने चार वरिष्ठ अधिकारी गमावले. तत्कालीन प्रमुख सुनील नेसरीकर त्यांपैकी एक.

उंच इमारतींत अडचण उभी. दलाकडे ९० मीटर उंचीची शिडी आहे, पण शहरातले कित्येक टॉवर तिच्याही वर गेले आहेत. शिवाय एवढी गाडी उभी करायला मोकळी जागा लागते आणि सोसायटीच्या आवारात तिथे मोटारी लावलेल्या असतात. शिडी लागू पडते तेव्हा मात्र फरक दिसतो : २२ जुलै २०१९ रोजी वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीतून ८४ जणांना सुखरूप उतरवण्यात आले. शिडीच्या पलीकडच्या मजल्यांची भिस्त इमारतीच्याच टाक्या, पंप आणि स्प्रिंकलरवर. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ही यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे 'नमुना ब', दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. कागद वेळेवर येतो. पंपाचे तसे सांगता येत नाही.

आगीखेरीजच्या वर्द्याही कमी नसतात. पावसाळ्यात पडलेली झाडे, खचलेल्या भिंती, दरडी. संक्रांतीला मांजात अडकलेले पक्षी. लिफ्टमध्ये कोंडलेली माणसे. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई या चौपाट्यांवरचे जीवरक्षकही याच दलाच्या अखत्यारीत येतात. भरतीच्या वेळी आक्साला शिट्टी वाजवून पोहणाऱ्यांना मागे बोलावतात ते हेच.