वैनगंगेकाठचे परमिट रूम : पार्श्वभूमी

चंद्रपूर जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावरील आमच्या गावातले जुने कौलारू परमिट रूम आता पुन्हा उघडणार नाही. ते का चालले आणि का बंद पडले, हे कळण्यासाठी दारूविषयक कायद्यांचा या भागातील प्रवास पाहावा लागतो.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, पूर्वापार मोहाची दारू गाळली जाई. इंग्रजी अमलात मध्य प्रांताच्या अबकारी व्यवस्थेने त्यावर परवाने आणि कर लादले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि तेथील १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे इकडेही लागू झाला. त्याच कायद्याच्या चौकटीत कालांतराने परमिट रूमना परवानगी मिळू लागली. १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली, आणि नदीपलीकडची गिऱ्हाइके अलीकडे येऊ लागल्याने आमच्या या छोट्या खोलीला एकाएकी बरकत आली.

तरीही गावाला ही जागा प्रिय होती ती केवळ दारूमुळे नव्हे. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू झाले की कोणते नाटक आणायचे, वडशाच्या कोणत्या नाटक कंपनीला बयाणा द्यायचा, याचा खल येथेच चाले; रात्रभराच्या प्रयोगानंतर तबलजी आणि पेटीवाले पहाटे चहासाठी याच दारात थांबत. धानाची मळणी आटोपल्यावर बैलजोडीचे सौदेही खाऱ्या शेंगदाण्यांच्या बशीभोवती पक्के होत. एरवी एका पंगतीला न बसणारी माणसे येथे एकाच बाकावर बसत, आणि माझ्या मते या जागेची सर्वांत मोठी कमाई हीच होती.

परंतु त्या बाकावर बायकांना जागा नव्हती, आणि गल्ल्यात पडणारा पैसा पुष्कळदा त्यांच्याच रोवणीच्या मजुरीचा असे. म्हणूनच डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील हजारो स्त्रिया ‘श्रमिक एल्गार’ या संघटनेच्या नेतृत्वाखाली दारूबंदीची मागणी घेऊन चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या, तेव्हा त्यांचे म्हणणे खोडून काढता येण्याजोगे नव्हते. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि आमच्या परमिट रूमलाही कुलूप लागले.

बंदीच्या काळात चोरटी दारू मात्र येतच राहिली, ती महागली आणि कोणाच्या देखरेखीखाली उरली नाही. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने बंदी उठवली, जुलैपासून जिल्ह्यातील दुकाने उघडू लागली. पण सहा वर्षांत मालक थकले होते, मुलांनी परवान्याचे नूतनीकरण केले नाही, आणि ती खोली खते-बियाण्यांच्या दुकानाला भाड्याने गेली. नाटकाचा बयाणा आता फोनवरच ठरतो आणि तो ठरवणाऱ्यांत निम्म्या गावाला विचारले जात नाही.