कोणाचा पिंड कशाचा: टीममधली बलस्थानं ओळखण्यामागचा इतिहास

नवी टीम जमली की आजकाल बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना एक प्रश्नावली भरायला देतात. उत्तरं भरून झाली की हातात अहवाल येतो: तुमची पाच बलस्थानं, तुमचा स्वभावप्रकार, टीममधली तुमची भूमिका. या अहवालांच्या मागे शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. सुरुवातीला हा शोध टीमसाठी नव्हताच. एकेकट्या माणसाला पारखून योग्य कामाला लावायचं, एवढाच त्याचा हेतू होता.

फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बॉस्टनला तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारी कचेरी सुरू केली. स्वतःला ओळखा, कामं ओळखा आणि दोन्हींचा मेळ घाला, अशी त्यांची साधी मांडणी होती. त्यानंतर काही वर्षांतच मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी ट्रामचालकांची एकाग्रता मोजणारी चाचणी तयार केली. पण हे काम खऱ्या अर्थानं वाढलं ते युद्धामुळे. अमेरिका 1917 मध्ये पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या गटानं सैनिकांसाठी दोन चाचण्या बनवल्या. ‘आर्मी अल्फा’ वाचता येणाऱ्यांसाठी होती, तर ‘आर्मी बीटा’ निरक्षरांसाठी आणि इंग्रजी न येणाऱ्यांसाठी. सुमारे 17 लाख माणसांची अशी परीक्षा झाली. युद्ध संपल्यावर हीच पद्धत उद्योगांनी उचलली.

पुढची पायरी स्वभावाची. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांचा व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरचा ग्रंथ 1921 मध्ये आला. त्याच्या आधारे कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी 16 प्रकारांची प्रश्नावली रचली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नव्हतं. ही प्रश्नावली जगभर पोचली, पण काही आठवड्यांनी ती पुन्हा भरली की अनेकांचा प्रकार बदलतो, हा आक्षेप तिला कायम चिकटून राहिला.

अशा अहवालांवर आपला इतका चटकन विश्वास का बसतो, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांच्या 1948 मधल्या प्रयोगात सापडतं. त्यांनी 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘फक्त तुमच्यासाठी’ म्हणून स्वभाववर्णन दिलं. ते किती अचूक आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली 4.26. प्रत्यक्षात सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, आणि तो ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. बलस्थानांच्या अहवालात ‘अगदी मीच!’ असं वाटतं, तेव्हा हा प्रयोग जरूर आठवावा.

त्याच वर्षी केनेथ बेन आणि पॉल शीट्स यांनी गटातल्या भूमिकांवर निबंध लिहिला. कोणी काम पुढे नेतं, कोणी गट सांधून ठेवतं, कोणी फक्त स्वतःचं घोडं दामटतं. माणूस कसा आहे यापेक्षा तो चौघांत काय करतो, हे त्यांनी पाहिलं. माझ्या मते टीमच्या दृष्टीनं खरं वळण इथे आहे.

हे वळण पक्कं केलं इंग्लंडमधले संशोधक मेरेडिथ बेल्बिन यांनी. हेन्लीच्या व्यवस्थापन महाविद्यालयात व्यवस्थापकांचे गट पाडून त्यांना कंपनी चालवण्याचा खेळ खेळायला लावत. बेल्बिन यांनी आधी प्रत्येकाच्या मानसिक चाचण्या घेतल्या. मग निरीक्षक दर अर्ध्या मिनिटाला नोंद करत: कोण प्रश्न विचारतंय, कोण सुचवतंय, कोण विरोध करतंय, कोण दुसऱ्याच्या मुद्द्यात भर घालतंय. शेवटी कोणत्या गटानं किती कमावलं, हे समोर असायचंच.

सर्वात हुशार मंडळी एकत्र आणली तर तो गट जिंकेल, असं कोणालाही वाटेल. असा गट बनवला, त्याला ‘अपोलो’ म्हटलं, आणि तो शेवटचा आला. पुढे असे 25 गट झाले, त्यांतले जेमतेम तीन पहिले आले. प्रत्येक जण दुसऱ्याच्या म्हणण्यातली खोट अचूक काढायचा, स्वतःचं म्हणणं मात्र सोडायचा नाही. वादात वेळ जायचा आणि तातडीची कामं तशीच पडून राहायची. जिंकणाऱ्या गटांत वेगवेगळ्या पिंडाची माणसं होती: कल्पना सुचणारा, थंड डोक्यानं तोलून पाहणारा, बाहेरून माहिती आणि ओळखी आणणारा, हातातलं काम तडीस नेणारा. बेल्बिन यांच्या 1981 च्या पुस्तकात अशा आठ भूमिका होत्या, तज्ज्ञाची नववी नंतर आली. प्रत्येक भूमिकेसोबत त्यांनी एक चालवून घेण्याजोगा दोषही लिहिला. कल्पक माणूस तपशिलात ढिला असणार, बारकाईनं काम संपवणारा उगाच काळजी करत बसणार. गुण हवा तर त्याच्यासोबतचा दोषही सांभाळून घ्यायचा, ही त्यांची सगळ्यात मोलाची शिकवण मला वाटते.

बलस्थानांवर भर देणारा दुसरा प्रवाह अमेरिकेतला. व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांनी 1967 मध्येच लिहिलं होतं की व्यवस्थापकानं माणसाच्या बळावर उभं राहावं, उणिवांवर नाही. नेब्रास्का विद्यापीठातले डोनाल्ड क्लिफ्टन यांनी, माणसांत काय बरोबर आहे याचाच अभ्यास केला तर काय होईल, हा प्रश्न धरून काम केलं. त्यांच्या कंपनीनं 1988 मध्ये जनमत चाचण्या घेणारी गॅलप ही कंपनी विकत घेतली आणि 34 गुणांची प्रसिद्ध चाचणी तिथून आली. माणसाच्या बलस्थानांचा अभ्यास व्हावा म्हणणारे मार्टिन सेलिगमन 1998 मध्ये अमेरिकी मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले आणि या विचाराला विद्यापीठीय वजन मिळालं. पण या प्रवाहात लक्ष पुन्हा एकट्या माणसाकडे वळलं. अहवाल माझा, गुण माझे. शेजारच्याशी त्यांचा मेळ कसा बसतो, हा भाग मागे पडला.

गूगलनं 2012 च्या सुमारास आपल्या 180 टीम तपासल्या, तेव्हा हेच समोर आलं. टीममध्ये कोण आहे यापेक्षा ती माणसं एकमेकांशी कशी वागतात, याचा फरक जास्त पडत होता. न घाबरता बोलता येतं का, हा त्यातला पहिला निकष. चूक दाखवणाऱ्याला गप्प बसवलं जात असेल, तर त्याची बारीक नजर अहवालात असून उपयोग नाही.

बेल्बिन यांच्या पद्धतीत आणखी एक फॉर्म असतो. तो सहकाऱ्यांनी भरायचा असतो, कारण माणसाचं स्वतःबद्दलचं मत आणि सोबत काम करणाऱ्यांचं मत अनेकदा जुळत नाही. स्वतः भरायची प्रश्नावली झटपट होते, म्हणून बहुतेक ठिकाणी तेवढीच घेतली जाते आणि सहकाऱ्यांचा फॉर्म बाजूला राहतो. टीमला सर्वात जास्त गरज असते ती त्याच फॉर्ममधल्या माहितीची.