रंगपेशींपासून मेलॅनोमापर्यंत : एका पिढीच्या संशोधन-कारकिर्दीमागची पार्श्वभूमी

1980 च्या दशकात संशोधनाला आरंभ करून आता निवृत्त झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मेलॅनोमा (रंगपेशींपासून उद्भवणारा कर्करोग) या विषयाच्या संशोधकांचे शोधनिबंध कालक्रमाने लावले, तर सुरुवातीच्या निबंधांत कर्करोगाचा उल्लेख क्वचितच सापडतो. तेथे असतात ते उंदरांच्या केसांचे रंग, मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणारी एन्झाइमे आणि गर्भातील न्यूरल क्रेस्ट या पेशीपट्ट्यातून निघून त्वचेपर्यंत पोहोचणाऱ्या पेशी. अखेरच्या निबंधांत मात्र औषधांना न जुमानणाऱ्या गाठींची चर्चा असते. ही वाटचाल कशी झाली हे पाहिल्याशिवाय या क्षेत्रातील आजचे वाद उलगडत नाहीत.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. हौसेने उंदीर पाळणाऱ्यांनी जपलेल्या रंगछटांपासून सुरुवात होऊन अनुवंशशास्त्राला शंभराहून अधिक जनुकस्थाने (गुणसूत्रांवरील जनुकांच्या जागा) मिळाली, कारण रंगातला बिघाड नुसत्या डोळ्यांना दिसतो आणि त्यापायी उंदीर सहसा दगावत नाही. 1954 साली अमेरिकेतील बार हार्बर येथे एका काळ्या उंदराच्या कानाच्या मुळाशी आपोआप उद्भवलेली गाठ ‘बी-16’ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली आणि पुढे अनेक दशके मेलॅनोमाच्या प्रयोगांचा मोठा भाग या एकाच उंदराच्या गाठीवर होत राहिला. तुलनेसाठी निरोगी रंगपेशी मात्र कोणाकडेच पुरेशा नव्हत्या, ही त्या काळाची खरी अडचण होती.

ती दूर झाली 1982 साली. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी माणसाच्या त्वचेतील रंगपेशी बशीत वाढवून दाखवल्या, आणि त्यासाठी संवर्धनमाध्यमात दोन अनपेक्षित पदार्थ घातले : पटकीच्या जंतूचे विष आणि फोर्बॉल एस्टर. यांपैकी दुसरा पदार्थ मूळचा जमालगोट्याच्या तेलातला असून उंदराच्या कातडीवर गाठी वाढवण्याच्या गुणामुळे तो तोपर्यंत मुख्यतः ओळखला जात होता. गंमत अशी, की निरोगी रंगपेशी तेव्हा त्याच्याशिवाय तग धरत नसत, तर मेलॅनोमाच्या पेशींना त्याची सहसा गरज नसते आणि कित्येकदा त्याने त्यांची वाढ उलट मंदावते. 1987 साली काळ्या उंदराच्या गर्भाच्या त्वचेपासून ‘मेलान-ए’ ही न थांबता वाढणारी, तरीही गाठ न करणारी पेशीमालिका तयार झाली आणि निरोगी व रोगट पेशी शेजारीशेजारी ठेवून प्रश्न विचारणे शक्य झाले. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत कमी गौरवली गेलेली घटना हीच आहे.

जनुके हाती येऊ लागली, तेव्हाही चाचपडणे होतेच. 1986 साली टायरोसिनेज या मेलॅनिन बनवणाऱ्या मुख्य एन्झाइमचा म्हणून जपानमधून प्रसिद्ध झालेला अनुक्रम त्याच्या सदृश दुसऱ्या प्रथिनाचा निघाला. तो अल्बिनो उंदरांच्या जनुकस्थानी न बसता तपकिरी उंदरांच्या जनुकस्थानी बसतो, हे 1988 साली स्पष्ट झाले. 1994 साली आनुवंशिक मेलॅनोमा असलेल्या कुटुंबांत पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या एका जनुकाचा बिघाड सापडला. 2002 साली इंग्लंडमधील एका मोठ्या शोधमोहिमेत सुमारे दोन तृतीयांश मेलॅनोमांमध्ये बीआरएएफ या पेशीला वाढीचा संदेश पोहोचवणाऱ्या जनुकात उत्परिवर्तन आढळले आणि या विषयाकडे औषधकंपन्यांचे लक्ष प्रथमच पूर्णपणे वळले. त्या निबंधात हा बदल प्रथिनाच्या 599 व्या स्थानी नोंदवलेला आहे. संदर्भ-अनुक्रमात सुरुवातीची डीएनएची तीन अक्षरे (म्हणजे प्रथिनाचा एक घटक) सुटली होती, हे ध्यानात आल्यावर तो आकडा 600 झाला. त्यामुळे त्या एक-दोन वर्षांतले निबंध वाचताना नवखे विद्यार्थी आजही गोंधळतात. पुढच्याच वर्षी हेच उत्परिवर्तन निरुपद्रवी तिळांतही मोठ्या प्रमाणात सापडले. म्हणजे ते एकटे कर्करोगाला पुरेसे नव्हते, आणि रंगपेशीला स्वतःचे काय म्हणणे आहे, म्हणजे तिच्या मूळ स्वभावाचा या रोगात वाटा किती, हा प्रश्न वर आला.

या प्रश्नाच्या केंद्रस्थानी एमआयटीएफ हे जनुक आहे. क्ष-किरणांना सामोऱ्या गेलेल्या उंदरांच्या संततीत बारीक डोळ्यांची, पांढऱ्या केसांची पिल्ले जन्मल्याची नोंद जर्मनीत 1942 साली झाली होती. त्यामागचे जनुक 1993 साली हाती आले. वर्षभरातच माणसांतील वार्डेनबर्ग सिंड्रोमच्या एका प्रकाराशी त्याचा संबंध जुळला. या कुटुंबांत काहींच्या कपाळावर पांढरी बट असते, काहींचे दोन डोळे दोन रंगांचे असतात आणि काहींना जन्मतः ऐकू येत नाही, कारण आतल्या कानाचे कामही रंगपेशींवाचून अडते. रंगपेशी जन्माला येणे, टिकणे आणि रंग तयार करणे या तिन्ही गोष्टी हे एक जनुक सांभाळते, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते.

वाद पेटला तो 2005 साली, आणि तोही एकाच नियतकालिकाच्या एकाच वर्षाच्या अंकांत. फेब्रुवारीत लंडनच्या परिसरातील गटाने दाखवले, की एमआयटीएफपासून बनणारे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवण्यास मदत करते. जुलैत बॉस्टनच्या गटाने दाखवले, की पसरलेल्या मेलॅनोमांत याच जनुकाच्या जादा प्रती अधिक वेळा आढळतात, त्या असलेले रुग्ण कमी जगतात, आणि उत्परिवर्तित बीआरएएफच्या जोडीने हे जनुक निरोगी रंगपेशींना कर्करोगाच्या वाटेवर नेते. बॉस्टनच्या निबंधाने त्याला कर्करोगजनक जनुकांच्या यादीत बसवले आणि ते वर्गीकरण पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. हे मला घाईचे वाटते. जादा प्रती थोड्याच गाठींत होत्या. उरलेल्या बहुसंख्य गाठींबद्दल तो निबंध फारसे सांगत नव्हता, आणि ज्या जनुकाअभावी पेशीच उरत नाही, त्याला केवळ रोगाच्या बाजूने उभे करणे रंगपेशीशास्त्राची जाण असलेल्यांना खटकणारच होते.

2006 साली यावर पंख्याच्या रेग्युलेटरसारखी कल्पना पुढे आली. या प्रथिनाचे प्रमाण खूप असेल तर पेशी रंग तयार करत स्थिरावते, मध्यम असेल तर वाढते, कमी असेल तर वाढ थांबवून आजूबाजूला घुसू लागते आणि अगदीच नसेल तर मरते. 2008 साली स्वित्झर्लंडमधून आलेल्या प्रयोगात वाढणाऱ्या आणि घुसणाऱ्या पेशी वेगवेगळ्या उंदरांना टोचल्या गेल्या. घुसणाऱ्या पेशींपासून गाठ उशिरा तयार झाली खरी, पण अखेरीस दोन्हींकडच्या गाठींत दोन्ही प्रकारच्या पेशी मिळाल्या. पेशी आपली अवस्था बदलतात आणि परतही येतात, हे त्यातून दिसले. त्याच सुमारास या क्षेत्रातील एका प्रमुख नियतकालिकाने आपल्या नावात ‘मेलॅनोमा’ हा शब्द जोडला.

तरीही 2005 चे वर्गीकरण अनेक वर्षे संशोधनाला दिशा देत राहिले, आणि एमआयटीएफ दाबावे की वाढवावे, यावर अनुदानांचे अर्ज दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. 2011 साली अमेरिकेत बीआरएएफवरील पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. गाठी झपाट्याने विरघळल्या आणि बहुतेक रुग्णांत काही महिन्यांतच परतल्या. परतलेल्या गाठी तपासल्यावर काही गटांना त्यांत एमआयटीएफ वाढलेले दिसले, तर 2014 साली प्रसिद्ध झालेल्या काही निबंधांत ते घटलेले दिसले. 2016 साली 19 रुग्णांच्या गाठींतील 4,645 पेशींमध्ये कोणती जनुके चालू आहेत हे एकेक करून वाचले गेले, तेव्हा उपचार न झालेल्या गाठींसह प्रत्येक गाठीत एमआयटीएफ जास्त आणि कमी असलेल्या, अशा दोन्ही तऱ्हेच्या पेशी असल्याचे आढळले. एकच बाजू दाबणारे औषध दुसऱ्या बाजूला वाव देते, ही शंका त्यामुळे बळावली.

2011 सालीच पहिले नवे इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला चालना देणारे) औषधही आले. रंगपेशींच्या अभ्यासातून ओळखीची झालेली टायरोसिनेजसारखी प्रथिने रोगप्रतिकारक पेशींची लक्ष्ये ठरतात, हे त्याआधीच माहीत होते. म्हणूनच या उपचारांत काही रुग्णांच्या अंगावर कोड उठते, आणि ते औषध लागू पडल्याचे चिन्ह मानले जाते.

भारतीय वाचकाने या इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट वेगळी काढायला हवी. वर आलेले मेलॅनोमाचे बहुतेक नमुने उन्हाने रापलेल्या गोऱ्या त्वचेवरचे आहेत. आपल्याकडे मुळात विरळ असलेला हा रोग बव्हंशी तळपायावर, नखाखाली किंवा तोंडाच्या व गुदद्वाराच्या अस्तरावर होतो. अशा गाठींत बीआरएएफचे उत्परिवर्तन कमी आढळते. त्यांतील काहींमध्ये किट या जनुकाचा बिघाड असल्याचे 2006 साली दिसून आले. किट हेही उंदरांच्या पांढऱ्या ठिपक्यांशी जोडलेल्या जनुकांपैकीच असून त्यावरील औषध मोजक्याच रुग्णांना लागू पडते. तळपायाच्या मेलॅनोमाच्या पेशीमालिका अजूनही तुलनेने कमीच आहेत.