‘कुठंवर आलाव?’

बीड, परभणी, लातूरकडच्या घरांत दिवेलागणीला एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ‘कुठंवर आलाव?’ मोंढ्यावर सोयाबीन घालायला गेलेल्या नवऱ्याला बायको विचारते. नवऱ्यानं तिला विचारलं की त्याचं ‘कुठंवर आलीस?’ होतं. उत्तरही ठरलेलं, ‘यायलो, जवळच हाय.’ त्या ‘जवळच’मध्ये दहा किलोमीटर बसायचे, हे विचारणाऱ्यालाही माहीत असायचं.

अलीकडे हे उत्तर माणसाच्या आधी फोन देतो आणि त्यावरून नवरा-बायकोत भांडणं होतात. ही वेळ कशी आली, ते पाहायला थोडं मागं जावं लागेल.

मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्या माणसाचं पत्र गावात यायचं ते बहुतेक वेळा त्याच्या वडिलांच्या नावानं. पोस्टमन नाहीतर शाळेत जाणारं एखादं पोर ते वाचून दाखवायचं. बायकोची चौकशी ‘घरच्या मंडळींना’ या शब्दांत उरकलेली असायची आणि ती दाराआडून ऐकायची. तेव्हा माणसं एकमेकांवर जास्त विश्वास ठेवत, असं आज सहज म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. सून कधी बाहेर पडली, कधी परतली, हे पाहायला अख्खी गल्ली होती. नवऱ्यानं वेगळं लक्ष ठेवायची गरजच नव्हती.

पुढं पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. मागं रांग उभी आणि समोर मीटरचे आकडे पळत असताना कोण काय मनातलं बोलणार? मोबाइलवरचा देशातला पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला लागला. तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मिस कॉलचं राज्य सुरू झालं. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर. ही खूण त्या दोघांनी आपसांत ठरवलेली असे. जोडप्याचं असं स्वतःचं, तिसऱ्याला न कळणारं बोलणं आमच्या भागात कितीतरी घरांत पहिल्यांदा आलं ते या मिस कॉलमुळं. म्हणून मला त्याचं मोल फार वाटतं.

जागा दाखवणारं तंत्र मात्र घरासाठी जन्मलेलं नाही. जीपीएस हा १९७३ मध्ये सुरू झालेला अमेरिकी लष्कराचा प्रकल्प. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर ही यंत्रणा नागरी वापरालाही मिळेल, असं अमेरिकेनं जाहीर केलं. तरी नागरी संकेतात मुद्दाम चूक घातलेली असे, जागा शंभरेक मीटरनं हुकायची. मे २००० मध्ये ती चूक काढली. २००९ मध्ये गुगलनं आपली जागा दुसऱ्याला नकाशावर दाखवणारं ‘लॅटिट्यूड’ आणलं, २०१३ मध्ये बंद केलं आणि २०१७ मध्ये तीच सोय नकाशात परत दिली. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशनही त्याच वर्षीचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं होतं, त्यामुळं स्वस्त डेटा आणि माणूस कुठं आहे ते दाखवणारा नकाशावरचा हा ठिपका आमच्या तालुक्यांत जवळजवळ हातात हात घालूनच शिरले.

ठिपक्याचा उपयोग होतो, यात वाद नाही. चाकणच्या कंपनीतून सणाला रात्रीची गाडी धरून निघालेला माणूस कुठं पोचला, हे पाहून घरचे निवांत झोपतात. पण ठिपका किती सांगतो, हेही समजून घ्यायला हवं. उघड्यावर जीपीएस चांगलं चालतं. छपराखाली फोन वायफाय आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि खेड्यात टॉवर लांब लांब असले की तो अंदाज किलोमीटरनं चुकू शकतो. मांजरसुंब्याच्या घाटात रेंज गेली की ठिपका आधीच्या जागीच थिजतो. खाली खताचं दुकान आणि वर लॉज असेल, तर माणूस कुठल्या मजल्यावर आहे हे नकाशा सांगत नाही. आधीच शंका असलेल्या मनाला वरचाच मजला दिसतो.

न्यायालयांपुढंही हे प्रश्न आले. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जामिनावरच्या आरोपीलाही गुगलच्या नकाशावर आपली जागा तपास यंत्रणेला सतत दाखवण्याची अट घालता येणार नाही. १४ जुलै २०२५ चा निकाल मात्र वेगळ्या अंगाचा आहे. जोडीदाराचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल, असं त्यात ठरलं. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवतात तेव्हा नातं आधीच तुटलेलं असतं, असंही न्यायालयानं म्हटलं. मला २०२४ चा निकाल जास्त जवळचा वाटतो. आरोपीला जे मोकळेपण मिळालं, ते सासरी नांदणाऱ्या बाईला मिळतं का?

कारण खरी मेख सुरुवातीलाच आहे. गावाकडं बाईच्या हाती फोन येतो तो बऱ्याचदा नवऱ्याच्या हातून. सिम त्याच्या आधारवर. गुगल खातं दुकानातल्या पोरानं नाहीतर त्यानंच उघडलेलं, पासवर्ड त्याच्याकडं. तिनं ‘लोकेशन शेअर’ला कधी हो म्हटलेलं नसतं, आणि त्याचं लोकेशन तिला दिसत नाही. हा विश्वासाचा सौदा नव्हे, एका बाजूनं लावलेली नजर आहे. गल्लीची जुनी नजर आता फोनमध्ये आली, एवढाच फरक.

व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांनी आपोआप बंद होतं. ते पाठवणाऱ्यानं स्वतः पाठवायचं असतं, मिस कॉलसारखं. गुगलच्या नकाशात मात्र बंद करेपर्यंत चालू ठेवण्याची सोय आहे. तुमचं लोकेशन अमक्याला दिसतं आहे, अशी आठवण गुगल अधूनमधून ईमेलवर पाठवतं. तो ईमेल तिच्या नावाच्या खात्यात येऊन पडतो, आणि ते खातं तिनं आजवर एकदाही उघडलेलं नसतं.