पेशंट अंगावर येतो तेव्हा: परिचारिकांचा दृष्टिकोन मोजणाऱ्या प्रश्नावल्यांची पार्श्वभूमी

आधी मोजले गेले ते रुग्णांच्या आक्रमकतेचे प्रसंग. १९८६ साली अमेरिकेत युडोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी, १९८७ मध्ये स्वीडनमध्ये पामस्टिएर्ना आणि विस्टेड यांनी नोंदीचे तक्ते बनवले. काय घडले, कोणावर, इजा किती, आवरायला काय करावे लागले, हे त्यात भरायचे. पण त्याच वॉर्डात एक सिस्टर शिवीगाळही लिहून ठेवते, तर दुसरी चापट खाऊनही “आजारी माणूस आहे, चालायचंच” म्हणून सोडून देते. म्हणजे नोंदवणाऱ्याच्या मनात काय आहे, हेही मोजायला हवे.

ते काम नेदरलँड्समध्ये १९९७ च्या सुमारास यान्सेन, दासेन आणि सहकाऱ्यांनी हाती घेतले. मनोरुग्ण वॉर्डातल्या परिचारिकांसाठी त्यांनी ३२ विधानांची प्रश्नावली तयार केली. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नीडहॅम यांच्या गटाने ती १२ विधानांवर आणली. २००५-०६ च्या सुमारास पाच युरोपीय देशांतल्या उत्तरांवरून १८ विधानांचे रूप पुढे आले. परिचारिका आक्रमकतेकडे कशी पाहते, याचे त्यात पाच भाग आहेत: अपमानकारक (७ विधाने), संवाद साधणारी (३), विध्वंसक (३), इजा करण्याच्या हेतूची (३) आणि स्वतःचा बचाव करणारी (२) आक्रमकता. ब्रिटनमध्ये जॉय डक्सबरी यांनी २७ विधानांतून वेगळा प्रश्न विचारला: आक्रमकतेचे कारण रुग्णात, वॉर्डाच्या वातावरणात, की आपल्या वागण्या-बोलण्यात?

मराठवाड्यात ही साधने वापरताना पहिली अडचण त्यांच्या जन्मस्थानाची येते. ती मनोरुग्णालयांत घडली, आणि राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. त्यांपैकी मराठवाड्यात एकही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा नांदेड-लातूरच्या शासकीय रुग्णालयांत असा पेशंट मेडिसिन वॉर्डात किंवा कॅज्युअल्टीत असतो. दारू अचानक सुटल्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रमात गेलेला, किंवा कीटकनाशक प्यायल्यावर दिलेल्या ॲट्रोपिनचा डोस जास्त होऊन सलाइन उपटणारा. “पेशंट असं वागून काहीतरी सांगू पाहतो” हे विधान त्याला लावायचे कसे? उत्तर देणारीच्या डोळ्यापुढे कोणता पेशंट आहे, हे प्रश्नावलीच्या माथ्यावर लिहिले नाही, तर दोन सिस्टरांची उत्तरे दोन वेगळ्या आजारांविषयी असतात.

दुसरी अडचण नातेवाइकांची. वॉर्डात हात उगारणारा अनेकदा पेशंट नसतो, सोबतचा असतो; आणि ही विधाने फक्त रुग्णाविषयी आहेत. राज्याचा २०१० चा वैद्यकीय सेवा संरक्षण कायदा परिचारिकांनाही लागू आहे. त्यात हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र असून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा हल्ल्याला गुन्हा म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. भ्रमात असलेल्या पेशंटाची आक्रमकता मात्र त्या चौकटीत बसत नाही. म्हणून नातेवाइकांसाठी वेगळा भाग हवा. त्याच विधानांत “रुग्ण किंवा नातेवाईक” घुसवले की उत्तर निकामी होते.

भाषांतरात घाई नडते. दोन जणांनी स्वतंत्र मराठी करावे, दोन्ही जुळवून एक मसुदा करावा, मग मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट भाषांतर, म्हणजे मराठीतून पुन्हा मूळ भाषेत, करून घ्यावे. “आक्रमकता” हा पुस्तकी शब्द; वॉर्डात “अंगावर आला”, “हात उचलला”, “आरडाओरडा केला” असे म्हणतात, आणि तिन्ही एक नव्हेत. शेवटी काही सिस्टर आणि ब्रदर यांना एकेक विधान वाचून दाखवावे आणि “यातून काय समजलं?” असे विचारावे. सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात.

गुण काढताना सर्रास होणारी चूक म्हणजे सगळ्या विधानांची एकच बेरीज. “आक्रमकता अपमानकारक आहे” आणि “ती संवाद आहे” हे उलट बाजूंचे भाग आहेत. एकत्र मिळवले की एकमेकांना पुसून टाकतात. प्रत्येक भागाची सरासरी वेगळी द्यावी. एका भागातली विधाने एकमेकांशी किती जुळतात, ही अंतर्गत सुसंगती; तिचे माप असलेला क्रोनबाखचा अल्फा ०.७० च्या पुढे असावा, असा प्रघात आहे. पण दोनच विधानांच्या भागात तो कमी येणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून तो भाग काढू नये.

आणि फॉर्म इन्चार्ज सिस्टरकडे गोळा करू नयेत. तसे केले की “पूर्ण सहमत” ते “पूर्ण असहमत” या पाच घरांपैकी मधल्याच घरावर खुणा पडतात. नाव नसलेला फॉर्म, बंद पेटी आणि ड्युटी संपल्यानंतरची वेळ, एवढे सांभाळले तरी उत्तरांत फरक दिसतो.